स्टुडिओचे दार आणि घरातली खोली

तळहातावर मावेल अशी धातूची एक पेटी. पुढच्या बाजूला माइकच्या वायरीसाठी दोन छिद्रे, आवाज कमी-जास्त करण्याची दोन गोल बटणे आणि मागून निघणारी एक यूएसबी वायर, जी लॅपटॉपला जोडायची. हिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती आता दिसते. कुणाचा मुलगा गिटार शिकतो, कुणाची मुलगी भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी गाणे बसवते, कुणी निवृत्तीनंतर पेटी पुन्हा हाती घेतली आहे. किंमत म्हणाल तर चांगल्या बुटांच्या जोडाएवढी. पन्नास वर्षांपूर्वी हेच काम करायला एक अख्खी इमारत लागत असे. ती इमारत या पेटीत कशी येऊन बसली आणि त्या वाटेवर कुणाचे आवाज दाराबाहेर राहिले, हे या लेखात पाहायचे आहे.

गायक आणि ध्वनिमुद्रण यांच्यामध्ये निवड करणारा माणूस अगदी पहिल्या दिवसापासून उभा होता. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला आला, त्याने आपली यंत्रसामग्री मांडली आणि गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रणावरून तबकड्या काढण्यासाठी सामान जर्मनीतील हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कुणाचे हे कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून स्वतःचे नाव पुकारत असे. त्या जुन्या तबकड्यांवर ते नाव आजही ऐकू येते. पुढे १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. कोणते गाणे घ्यायचे, कुणाचे घ्यायचे आणि ते कुठे विकायचे, हे कंपनी ठरवी. तबकडी वाजवायला ग्रामोफोन लागे, म्हणजे ज्याच्या घरी ग्रामोफोन त्याच्या आवडीचे गाणे मुद्रित होई.

या हिशेबात आंबेडकरी जलसा कुठेच बसत नव्हता. सत्यशोधक जलशाचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकात वस्त्यांमध्ये आणि गावोगावी जलसे केले. रात्र-रात्र चालणारा तो कार्यक्रम तीन मिनिटांत मावणारा नव्हता आणि त्याच्या श्रोत्याला ग्रामोफोन परवडणारा नव्हता. आपण त्या जलशांविषयी वाचू शकतो, ते ऐकू शकत नाही. खुद्द बाबासाहेबांची गोष्ट वेगळी नाही. त्यांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केले, ते कपाटाचे कप्पे भरतील एवढे आहेत. त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे मात्र मोजकी आहेत. १९५५ ची बीबीसीची मुलाखत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. मराठीतून सभा जिंकणारा आवाज आपण इंग्रजी मुलाखतीतून ओळखतो, याचे मला दर वेळी वाईट वाटते.

स्टुडिओ म्हणजे नेमके काय होते? १९३१ साली लंडनमध्ये ॲबी रोडचा स्टुडिओ सुरू झाला, तो नमुना म्हणून घेऊ. गाणाऱ्यांचे एक मोठे दालन, बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला घुमू नये अशा खास भिंती, काचेपलीकडे नियंत्रणाची खोली, तिच्यात प्रशिक्षित तंत्रज्ञ. ॲबी रोडचे तांत्रिक कर्मचारी अनेक वर्षे पांढरे कोट घालून काम करीत, एखाद्या प्रयोगशाळेत करावे तसे. अशा जागेचे भाडे तासावर असते. तास मोजले जात असताना नवखा माणूस गात नाही, चुकायला घाबरतो, आणि घाबरलेला आवाज माइकला लगेच कळतो. दार पैशाचे होते तसेच ते भीतीचेही होते.

हे दार प्रथम ज्याने आपल्या घराकडे वळवले तो अमेरिकन गिटारवादक लेस पॉल. त्याने टेप-यंत्रात फेरफार करून एकाच फितीवर आधीच्या आवाजावर नवा आवाज चढवण्याची सोय केली. तो आणि त्याची पत्नी मेरी फोर्ड न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरातच गाणी मुद्रित करीत. १९५१ साली त्यांचे ‘हाउ हाय द मून’ अमेरिकेत गाजले तेव्हा लोकांनी ऐकले ते अनेक गिटारींचे आणि अनेक कंठांचे गाणे. प्रत्यक्षात माणसे दोनच होती. या पद्धतीतला धोका असा, की आवाजावर आवाज चढवताना जुना पुसून दोघांचे मिश्रण उरे. दहाव्या थराला चूक झाली की पहिल्यापासून सगळे पुन्हा. म्हणून एकाच फितीवर शेजारी-शेजारी वेगळे मार्ग ठेवण्याची कल्पना आली आणि १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने लेस पॉलसाठी आठ मार्गांचे म्हणजे आठ ट्रॅकचे यंत्र बनवून दिले. आज लॅपटॉपच्या पडद्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या रंगीत पट्ट्या त्या यंत्राच्या थेट वंशज आहेत. एका पट्टीवर ढोलकी, दुसरीवर पेटी, तिसरीवर गळा. एक चुकला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा.

आपल्या वाचकांत अभियंते पुष्कळ, त्यांना टॉम शोल्झची हकिकत आवडेल. एमआयटीतून यंत्र-अभियांत्रिकी शिकलेला हा गृहस्थ पोलरॉइड कंपनीत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या तळघरात गाणी मुद्रित करी. ती ऐकून कंपनीने करार केला, परंतु तळघरातले मुद्रण तिला चालेना. सगळे काही व्यावसायिक स्टुडिओत नव्याने करा, असा तिचा आग्रह. मग बाकीचा वाद्यवृंद कॅलिफोर्नियाला गेला, तिथे स्टुडिओत काम चालू असल्याचा देखावा उभा राहिला आणि शोल्झ तळघरातच बसून मुद्रण पुरे करीत राहिला. ‘बॉस्टन’ या नावाचा तो संग्रह १९७६ साली निघाला आणि अमेरिकेत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. कंपनीला जे खपवायचे होते ते तळघरातूनच आले. तरी हे विसरू नये, की शोल्झला गलेलठ्ठ पगार होता आणि यंत्रे दुरुस्त करण्याचे शिक्षण होते. तळघर सर्वांजवळ नसते.

कॅसेटचे दोन संसार

खरी मोकळीक दिली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा ती पत्रे आणि भाषणे टिपण्याचे साधन मानली जात होती, संगीताचे नव्हे. कॅसेटच्या अरुंद फितीवर चार मार्ग असतात: एका बाजूचे दोन, कॅसेट उलटल्यावर दुसऱ्या बाजूचे दोन. जपानच्या टिॲक कंपनीने हे चारही मार्ग एकाच दिशेने वापरले, फीत दुप्पट वेगाने फिरवली, यंत्राला छोटा मिक्सर जोडला आणि १९७९ साली ‘पोर्टास्टुडिओ १४४’ बाजारात आणला. चार ट्रॅकचा स्टुडिओ टेबलावर आला.

१९८२ च्या जानेवारीत ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घराच्या झोपण्याच्या खोलीत याच यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. दोन साधे माइक, एक गिटार, तोंडाने वाजवण्याचा हार्मोनिका. बेत एवढाच, की वाद्यवृंदाला नमुना ऐकवायचा. पुढे पूर्ण वाद्यवृंद घेऊन स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली, पण खोलीतली गोष्ट तिथे उतरेना. अखेर खिशात वागवलेल्या त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा संग्रह निघाला. कामावरून काढलेली, कर्जात बुडालेली, गुन्ह्याकडे ढकलली गेलेली माणसे त्या गाण्यांत आहेत, आणि फितीची सळसळही आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या बांधवांना हे घर आपल्या राज्यातले म्हणून अगत्याचे वाटावे.

भारतात कॅसेटने वेगळाच संसार मांडला. इथे पोर्टास्टुडिओ घरोघर पोहोचला नाही. पोहोचली ती नुसती कॅसेट, आणि ती कुठेही, कशीही आणि कितीही प्रतींत काढता येत होती. एचएमव्हीची दीर्घकाळची मक्तेदारी १९८० च्या दशकात मोडली. टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागून प्रांताप्रांतांतले लहान उत्पादक आले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहून या उलथापालथीची नोंद केली. मोठी कंपनी ज्या गाण्यांकडे ढुंकून पाहत नव्हती, त्यांना लहान उत्पादकांनी बाजार मिळवून दिला. भीमगीत त्यांतच होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज वस्तीतल्या लग्नात, जयंतीच्या मंडपात आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीवर वाजू लागले. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ठेले लागत. आपल्यापैकी अनेकांनी परदेशी निघताना बॅगेत तांदळाच्या पिशवीखाली अशा दोन-चार कॅसेटी ठेवल्या होत्या.

या मोकळिकीला एक मर्यादा होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत काढणे स्वस्त झाले, पहिले मुद्रण नाही. गायनपार्टीला अजून स्टुडिओतच जावे लागे, तिथे तास मोजले जात आणि काय खपेल याचा अंदाज उत्पादकच बांधी. गीतकाराची स्थिती तर आणखी दुबळी. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी अजून आहेत त्यांनी वेष्टन काढून पाहावे: गायकाचे नाव कोणत्या अक्षरांत आहे आणि कवीचे कोणत्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारोंनी गीते लिहिली. ती कितीतरी गायकांनी गायिली. वामनदादांचे नाव टिकले ते वेष्टनामुळे नव्हे. शाहिरी परंपरेप्रमाणे शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत, आणि गाणारा कोणीही असो, ते नाव त्याला उच्चारावेच लागे. नाममुद्रा हा आपल्या कवींचा हक्कलेख होता, आणि तो चोरता येत नव्हता. फक्त शेवटचे कडवे गाळता येत होते.

ज्यांच्यापर्यंत स्टुडिओ पोहोचला नाही, त्यांच्यापर्यंत कधी कधी दुसऱ्याचे यंत्र पोहोचले. शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात मुद्रित झाले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. एका चित्रपटकाराने बारा वर्षांपूर्वी माइक पुढे केला होता, म्हणून तो गळा आज ऐकता येतो. पुढे पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ केला तो याच धाग्यावरून. १९९६ साली असेच एक यंत्र बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात गेले. गी पॉइटेव्हीन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या कामातले हे मुद्रण. भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या. या ओव्या त्यांनी स्टेजसाठी रचल्या नव्हत्या, पहाटे दळताना रचल्या होत्या. २०१७ पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या. घरातले गाणे घरातच मुद्रित होण्याचे हे आपल्याकडचे थोर उदाहरण आहे, फरक एवढाच की यंत्र पाहुण्यांचे होते.

यंत्र आपल्या मालकीचे झाले की काय होते, हे पाहायला शिकागोला जावे लागेल. रोलँड कंपनीची टीबी-३०३ ही छोटी पेटी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी निघाली. बास गिटारीची जागा तिने घ्यावी अशी अपेक्षा होती, पण ती त्या कामात नापास झाली आणि १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. जुन्या सामानाच्या बाजारात ती मातीमोलाने मिळू लागली, तेव्हा शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांनी ती उचलली. बटणे वेडीवाकडी फिरवून त्यांनी तिच्यातून जो चिरका, वळवळता नाद काढला, त्यावर ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार उभा राहिला. फ्यूचर या गटाचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चे. तिकडे डेट्रॉइटच्या परिसरात वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी अशाच यंत्रांवर टेक्नो घडवले. ज्या समाजाच्या लढ्याकडे पाहून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले गेले, त्या समाजाची ही पुढची पिढी घरातल्या टेबलावर जगाचे नृत्यसंगीत बदलत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

संगणक आणि दोन खुली मानके

याच सुमारास एक शांत पण दूरगामी घटना घडली. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे की-बोर्ड एका वायरीने जोडले गेले आणि एकावरची पट्टी दाबली की दुसरा वाजू लागला. ही ‘मिडी’ नावाची भाषा. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख शिल्पकार. ती वापरायला कुणालाही परवान्याचे पैसे द्यावे लागत नव्हते. १९९६ साली आलेल्या यूएसबीचेही तसेच. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, आयबीएम आदी सात कंपन्यांनी मिळून ती आखली आणि इंटेलने तिच्यावर स्वामित्वशुल्क लावले नाही. इंटेलमध्ये या कामाची धुरा सांभाळणारे अजय भट्ट हे बडोद्याहून अमेरिकेत गेलेले अभियंते, हे आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या मासिकात नोंदवायला हरकत नाही. सार्वजनिक पाणवठ्याचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना खुल्या मानकाचे मोल वेगळे समजावावे लागत नाही.

यूएसबीच्या आधी संगणकावर गाणे मुद्रित होत नव्हते असे नाही. १९८२ साली सीडी आली तेव्हाच आवाजाचे आकडे झाले होते. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचे. ४४,१०० हा आकडा अनेकांना विचित्र वाटतो. तो व्हिडिओ टेपमुळे आला. सुरुवातीचा डिजिटल आवाज व्हिडिओच्या फितीवर साठवीत. सेकंदाला ५० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात २९४ ओळी, प्रत्येक ओळीत तीन मोजमापे: गुणाकार करून पाहा. १९९१ साली प्रो टूल्स आले, १९९२ मध्ये अलेसिसचा आडॅट, जो व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक मुद्रित करी. १९९६ साली स्टाइनबर्गच्या क्यूबेसमध्ये पडद्यावरच मिक्सर आणि ध्वनिपरिणाम आले. परंतु यासाठी संगणकाचे झाकण उघडून आत खास कार्ड बसवावे लागे. लॅपटॉपचे झाकण कोण उघडणार? शिवाय संगणकाच्या पोटात पंखा, वीजपुरवठा आणि इतर विद्युत गोंगाट असतो, आणि माइकमधून येणारा संकेत अवघा काही हजारांश व्होल्टचा असतो. तो त्या गोंगाटाच्या शेजारी मोठा करणे म्हणजे बाजारात बसून कुजबुज ऐकणे.

बाहेरची पेटी हा त्यावरचा साधा उपाय. माइकचा क्षीण संकेत पेटीतच मोठा होतो, तिथेच त्याचे आकडे होतात आणि वायरीतून आकडेच जातात. आकड्यांना गोंगाट सहसा लागत नाही. यूएसबीची पहिली पिढी सेकंदाला १.२ कोटी बिट वाहून नेई. सीडीच्या दर्जाच्या दोन मार्गांना सुमारे १४ लाख बिट पुरतात, तेव्हा अडचण रुंदीची नव्हती, वेळेची होती. छापायचे पान अर्धा सेकंद उशिरा गेले तरी चालते, सुराला तसे चालत नाही. म्हणून यूएसबीमध्ये आवाजासाठी दर मिलिसेकंदाला राखीव जागा ठेवण्याची तरतूद झाली. नंतर ध्वनी-उपकरणांचे सामायिक वर्णनही ठरले, ज्यामुळे संगणक पेटीला जोडताक्षणी ओळखतो. वीजही त्याच वायरीतून येते. संगणक देतो पाच व्होल्ट, कंडेन्सर माइकला लागतात ४८, ते पेटी स्वतः वाढवून घेते. पांढऱ्या कोटातल्या माणसाचे निम्मे काम इथे संपले.

तरी एक दुखणे उरले: उशीर. गाणाऱ्याचा आवाज पेटीतून संगणकात जाऊन त्याच्या कानापर्यंत परत येईतो वेळ जातो. जुन्या विंडोजमध्ये हा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाई आणि गाणारा स्वतःच्याच आवाजामागे फरफटत राही. स्टाइनबर्गने १९९७ च्या सुमारास ‘आसिओ’ ही सोय काढली, जी संगणकातले मधले थर टाळून थेट उपकरणाशी बोलते. हे कसे समजून घ्यावे? आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ढोलकीवाला साडेतीन मीटर मागे बसल्यासारखा. एवढे जलशाच्या मंचावर नेहमीच होते. शंभर मिलिसेकंद म्हणजे तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

२००२ साली डिजिडिझाइनने एमबॉक्स काढला: दोन माइक, एक यूएसबी वायर आणि सोबत प्रो टूल्सची घरगुती आवृत्ती. त्यातला माइकचा संकेत वाढवणारा भाग फोकसराइट कंपनीचा होता, आणि हीच फोकसराइट २०११ साली आपली लाल रंगाची स्कार्लेट पेटी घेऊन आली, जी आज विद्यार्थ्यांच्या टेबलावर सर्रास दिसते. दरम्यान सॉफ्टवेअरही हाताशी आले. कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेले ऑडॅसिटी २००० पासून फुकट मिळते. ॲपलने २००४ मध्ये गॅरेजबँड संगणकाबरोबर देऊ केले. पुढचे सर्वांना माहीत आहे. लंडनच्या पूर्व भागातल्या सरकारी घरांमधून फ्रूटीलूप्ससारख्या स्वस्त प्रणालींवर ग्राइम घडले आणि डिझी रास्कलला २००३ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी लॉस एंजेलिसमधल्या आई-वडिलांच्या घरातील झोपण्याच्या खोलीत केलेल्या संग्रहाला ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला.

आपल्याकडेही याच काळात दारे सैल झाली. जालंधरची गिन्नी माही २०१६ च्या सुमारास बाबासाहेबांवरच्या आणि जातीवरच्या पंजाबी गाण्यांनी देशभर ऐकली जाऊ लागली. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात, त्यांचा आवाज मोबाइलच्या चित्रफितींतून आधी पसरला आणि मोठे मंच मागाहून आले. परदेशातल्या घरांसाठी या तंत्राचा उपयोग आणखी निराळा आहे. न्यू जर्सी ते नागपूर हे अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एकेरी साठ मिलिसेकंद तरी लागणारच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. इंटरनेटवरून दोन खंडांत एकत्र ताल धरणे म्हणूनच जमत नाही, कितीही महागडे कनेक्शन घ्या. महासाथीच्या वर्षी जयंतीचे कार्यक्रम पडद्यावर करताना समूहगीताचा कसा गोंधळ उडाला, ते आठवा. लेस पॉलची युक्ती मात्र या अंतराला जुमानत नाही. नागपूरच्या ढोलकीवाल्याने एक ट्रॅक पाठवावा, लंडनच्या मुलीने त्यावर गावे, दुबईच्या कोरसने झील धरावी आणि कुणी एकाने ते जुळवावे. एरिक व्हिटेकरने २०१० साली १२ देशांतील १८५ आवाजांचे समूहगान असेच जोडले होते.

घरात मुद्रण करताना आता अडवते ती खोली. पेटीने यंत्रशाळा आत घेतली, ॲबी रोडच्या भिंती घेतल्या नाहीत. उघड्या भिंतींवरून आवाज परततो आणि माइक तो प्रामाणिकपणे टिपतो. अमेरिकेतल्या घरांत कपड्यांनी भरलेली कपाटाची खोली असते, ती गाण्यासाठी उत्तम. ती नसेल तर माइकमागे आणि गाणाऱ्यामागे गावाहून आणलेली जाड गोधडी टांगावी. संवेदनशील कंडेन्सर माइकपेक्षा साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला तर खोली कमी ऐकू येते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज घेताना माझा सल्ला नेहमी दुसऱ्या माइकचा असतो. कानावर हेडफोन चढवला, समोर काळा माइक उभा केला, की आजी ओवी विसरते, स्टुडिओचे जुने भय घरातही येते. हेडफोन काढून टाकावा, माइक टेबलावर जरा बाजूला ठेवावा आणि पेटीची सूचना देणारे बटण दाबल्यानंतर दहा मिनिटे नुसत्या गप्पा माराव्यात.

या मुद्रणांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न यंत्रापेक्षा जुना आहे. कॅसेटी चिकटल्या, सीडी खरवडल्या, आणि एमपी३ करताना लहान झालेला आवाज पुन्हा मोठा होत नाही. मूळ मुद्रण वेव्ह स्वरूपात, २४ बिटांत ठेवावे, दोन निरनिराळ्या जागी ठेवावे. युरोपच्या प्रसारण संघाने १९९० च्या दशकात वेव्ह फाइलच्या पोटातच नोंद करण्याची जागा ठरवून दिली आहे: वर्णनासाठी २५६ अक्षरे, मुद्रकाच्या नावासाठी ३२, शिवाय तारीख आणि वेळ. ही अक्षरे केवळ रोमन लिपीची आहेत. देवनागरी त्यात बसत नाही. तेव्हा फाइलच्या नावाचीच एक साधी मजकूर-फाइल शेजारी ठेवून तीत गाणाऱ्याचे नाव, माहेर-सासरचे गाव, गीत कुणाचे आणि कुणाकडून शिकले, हे मराठीत लिहावे.

शेजारची फाइल मात्र हरवते, फोल्डर हलवताना हमखास हरवते. आवाजातली नोंद हरवत नाही. म्हणून बटण दाबल्यावर, पहिल्या सुराच्या आधी, गाणाऱ्याने आपले नाव, गाव, तारीख आणि कवीचे नाव स्पष्ट बोलावे. कलकत्त्यात १९०२ साली गौहरजानने गाण्याच्या शेवटी तेच केले होते. आणि गीतातले शेवटचे कडवे गाळू नये, मग गाणे सात मिनिटांचे झाले तरी होऊ द्यावे. डिस्कवर सात मिनिटांना दोन मार्गांत, २४ बिटांत, सुमारे १११ मेगाबाइट जागा लागते.